माजी अध्यक्षांच्या पत्नी

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होते. मी फार्मासिस्ट आहे, शिफ्टला असताना फोन घेत नाही. पण त्याच्या घरातून फोन यायचा तो नेहमी त्याच्या बायकोचा, माझ्या मैत्रिणीचा, उज्ज्वलाचा. श्रीकांतचं नाव स्क्रीनवर दिसलं म्हणून मी तो उचलला. "शुभदा, उज्ज्वला गेली," तो म्हणाला. सकाळी बागेत पाणी घालता घालता कोसळली. श्रीकांत भूलतज्ज्ञ, जन्मभर दुसऱ्यांच्या श्वासावर नजर ठेवून बसलेला माणूस, पण तो बाहेर आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी काय बोलले ते आठवत नाही. त्याचं पुढचं वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं. "मंडळाला कळवायला हवं. तू लिहिशील? असलं सगळं तीच लिहायची ग..." मी मागच्या खोलीत गेले, औषधांच्या एका खोक्यावर बसले आणि पाच मिनिटांत लिहून टाकलं: 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की, टूवूंबा येथील आपल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. श्रीकांत देवस्थळी यांच्या पत्नी सौ. उज्ज्वला यांचे आज सकाळी हृदयविकाराने निधन झाले.' श्रीकांतला पाठवलं, त्याचं "ठीक आहे" आलं, आणि मी ते ग्रुपवर टाकलं. तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली.

मी काय लिहिलंय हे मला कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी टार्निटला घरी डाळ शिजायला लावली होती, कुकरची शिट्टी झाली आणि डोक्यात काहीतरी खटकन वाजलं. उज्ज्वलाही डॉक्टर होती. औषधांची नव्हे, इतिहासाची. टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत ती अठरा वर्षं शिकवत होती. आणि तिच्या पीएच.डी.चा विषय कोणता, तर अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी, त्यांनी राजकारणावर आणि समाजावर पाडलेला प्रभाव! ज्या बायकांची नावं नवऱ्याच्या पदामागे झाकली गेली त्यांना शोधून बाहेर काढण्यात जिने उमेदीची वर्षं घातली, तिच्याच मृत्यूची बातमी मी तशीच लिहिली होती. मी पुष्कळ मूर्खपणा केलेला आहे, पण याच्या जवळपास जाईल असा एकही नाही. तेव्हापासून मला चैन नाही. हा लेखसुद्धा मी तीनदा उठून, फेऱ्या मारून लिहिते आहे.

मेलबर्नला येण्याआधी आम्ही ब्रिस्बेनजवळच्या टूवूंबाला राहायला गेलो तेव्हा तिथे मराठी घरं जेमतेम वीस. बस नावालाच, गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात कोंडलेलं. मला येत नव्हती. उज्ज्वलाने मला गाडी शिकवली, तीही तिच्या प्रबंधावर बडबडत. "ब्रेक! ...तर काय सांगत होते, एका अध्यक्षांना अर्धांगवायूचा झटका आला ना, तेव्हा त्यांच्यापुढे कुठला कागद जायचा आणि कुठला नाही हे बायको ठरवायची. बाहेर येऊन सांगायची, साहेबांचं असं म्हणणं आहे. देश कोण चालवत होतं मग? इंडिकेटर दे." मी एकदा वैतागून विचारलं, की ऑस्ट्रेलियात राहतेस, इथल्या पंतप्रधानांच्या बायकांवर का लिहीत नाहीस? तिने गाडी कडेला घ्यायला लावली. "इथल्या आत्तापर्यंतच्या किती पंतप्रधानांच्या बायकांची नावं सांगता येतील तुला?" मला एकही सांगता येईना. "तेच तर. तिकडे त्या बाईला ऑफिस आहे, स्टाफ आहे, तिच्या कपड्यांपासून मतांपर्यंत सगळ्याची चर्चा आहे. पण घटनेत तिचा उल्लेख नाही, पगार नाही. कोणी निवडून दिलेलं नाही आणि कोणी काढूनही टाकू शकत नाही. अशी खुर्ची जगात दुसरी दाखव." तिचे डोळे असे काही चमकायचे की मागून हॉर्न वाजवणाऱ्याचं भान आम्हा दोघींनाही राहायचं नाही.

पुढे मी मंडळाची सचिव झाले आणि श्रीकांत अध्यक्ष. तो अध्यक्ष झाला कारण बाकी कोणी तयार नव्हतं. त्या वर्षी उज्ज्वलाचा प्रबंध पूर्ण झाला होता, म्हणून मी तिचं व्याख्यान ठेवलं आणि घाईघाईत सूचना पाठवली: 'रविवारी दुपारी चार वाजता व्याख्यान. विषय: अध्यक्षांच्या पत्नीचा राजकारणावरील प्रभाव. वक्त्या: सौ. उज्ज्वला देवस्थळी.' 'अमेरिकेच्या' हा शब्द माझ्याकडून गळला होता! मंडळात आग लागली. आधीच्या अध्यक्षांच्या पत्नीने मला फोन करून विचारलं, की आमच्या काळात मी कुठे ढवळाढवळ केली ते एकदा समोरासमोर सांगा. नाटकालासुद्धा न येणारी माणसं त्या रविवारी सव्वातीनलाच हॉलमध्ये हजर. खुर्च्या कमी पडल्या. उज्ज्वलाने गर्दीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली, "तुम्ही सगळे ज्या बाईबद्दल ऐकायला आलात ती मी नव्हे. पण आलाच आहात तर बसा." दीड तास कोणी हललं नाही. स्वतःचं वर्तमानपत्री सदर चालवून नवऱ्याच्या आधी बोलून टाकणारी एक, रस्त्याच्या कडेला रानफुलं लावण्याचा आग्रह धरून अख्ख्या देशाला पर्यावरणाकडे बघायला लावणारी दुसरी. आणि एक, जिने स्वतःला झालेला स्तनांचा कर्करोग लपवला नाही. उघड सांगितला, आणि तपासणीसाठी बायकांच्या रांगा लागल्या. तोवर तो शब्द चारचौघांत कोणी उच्चारत नसे, उज्ज्वला म्हणाली, आणि आमच्या हॉलमध्येही काही जणींनी माना खाली घातल्या. त्या दिवसापासून सगळे तिला अध्यक्षीणबाई म्हणू लागले. मीसुद्धा. चेष्टेत म्हणायचो, पण म्हणायचो.

त्या पुढच्या संक्रांतीला तिने हळदीकुंकवाचं वाण बदललं. प्लास्टिकच्या डब्या, कुंकवाचे करंडे काही नाही. वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात स्तनतपासणीचं अपॉइंटमेंट कार्ड, तारखेसकट. कमिटीत त्यावरून किती आरडाओरडा झाला! सणासुदीला आजारपणाचा कागद हातात ठेवायचा म्हणजे काय? उज्ज्वला शांतपणे म्हणाली, "श्रीकांतचं म्हणणं आहे की यंदा हेच करावं." श्रीकांत तेव्हा चहात बिस्किट बुडवत होता. स्वतःचं म्हणणं त्यालाही तेव्हाच कळलं असावं, पण त्याने मान डोलावली आणि ठराव पास झाला. वसईची लीना डिमेलो आमच्या हळदीकुंकवाला दरवर्षी यायची. "कुंकू नको, पण वाण सोडणार नाय मी," म्हणायची. ती कार्ड पर्समध्ये कोंबून विसरून गेली. उज्ज्वला तारखेच्या दिवशी तिच्या दारात गाडी घेऊन उभी. लीनाच्या गाठीचं निदान वेळेत झालं. लीना आज आहे. मंडळाच्या अहवालात याची नोंद 'अध्यक्षांच्या प्रेरणेने आरोग्य उपक्रम' अशी आहे. अहवाल मीच लिहिला होता.

इथे मला उज्ज्वलावरचा माझा रागही सांगायला हवा, नाहीतर हा लेख खोटा होईल. श्रीकांतची सगळी भाषणं ती लिहायची. गणपतीची, दिवाळीची, हॉस्पिटलमधल्या निरोपसमारंभांचीसुद्धा. लोक म्हणायचे, डॉक्टर काय छान बोलतात! ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. एका वार्षिक सभेत मी तिला न विचारता अध्यक्षपदासाठी तिचं नाव सुचवलं. ती उभी राहिली, हसली आणि म्हणाली, "माझा विचार नाही. श्रीकांत आहे तोच बरा आहे." परतताना गाडीत मी तिच्यावर अक्षरशः ओरडले. "तीनशे पानं लिहिलीस ना त्या बायकांवर? मग स्वतः कशाला मागे बसतेस?"

"त्यांना चॉइस नव्हता, मला आहे. आणि मी हे चूझ केलंय," ती म्हणाली. डोंगरउताराच्या वळणावर तिने काच खाली केली. "खरं सांगू? श्रीकांतच्या नावावर मी काहीही सांगितलं तर होतं. माझ्या नावावर उभी राहिले आणि पडले तर... ते मला सहन नाही व्हायचं."

पुढे आम्ही मेलबर्नला आलो, मंडळ सुटलं, तरी ते वाक्य मला अधूनमधून टोचत राहिलं. तिला धीर देणं माझं काम होतं; मी ओरडून मोकळी झाले होते. नंतर फोनवर हा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. शेवटच्या फोनवर ती निवृत्तीनंतर प्रबंधाचं मराठीत पुस्तक करायचं म्हणत होती. "शुद्धलेखन तू बघ," म्हणाली, "शब्द मात्र गाळू नकोस हं." आणि खळखळून हसली.

शोकसभेला मी विमानाने ब्रिस्बेनला आणि तिथून गाडीने टूवूंबाला गेले. हॉलमध्ये तिच्या फोटोखाली बॅनर, आणि बॅनरवर माझंच वाक्य, मोठ्या अक्षरांत: माजी अध्यक्षांच्या पत्नी. सूचनेतूनच उचललं होतं. श्रीकांत बोलायला उठला. खिशातून कागद काढला, उलटसुलट केला. कोरा होता. "थँक यू," म्हणाला आणि खाली बसला. लीना माझ्या शेजारी होती. तिने बॅनर वाचला आणि हळूच विचारलं, "हे कोणी लिहिलं गं?" मी म्हटलं, मी. तिने माझा हात धरला होता तो सोडला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभेहून श्रीकांतच्या घरी परतल्याबरोबर मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली: 'डॉ. उज्ज्वला देवस्थळी, इतिहासाच्या प्राध्यापक आणि संशोधक, यांचे निधन झाले. त्यांच्यामागे पती श्रीकांत आहेत.' पुन्हा हातांची रांग, तेच हात, त्याच क्रमाने. एकट्या लीनाने लिहिलं, "बरं झालं." दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीतली तिची खोली आवरायची होती. श्रीकांत म्हणाला, तू चल, मला एकट्याला जमणार नाही. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "काल तीच सूचना परत का पाठवलीस?"

"तीच नव्हती रे."

कार पार्कमध्ये त्याने फोन काढून दोन्ही सूचना खाली-वर करून वाचल्या. बराच वेळ लागला त्याला. "पहिली तू मला दाखवली होतीस," तो म्हणाला. "मी ठीक आहे म्हटलं. मला काहीच खटकलं नाही, शुभदा. आत्ता तू सांगितलंस म्हणून..." मी रडायला लागले. इतके दिवस गुन्हा माझा एकटीचा वाटत होता; दोघांत वाटला गेला तरी कमी झाला नाही. मग त्याने डोळे पुसले, समोर पाहिलं आणि विचारलं, "कुठली बिल्डिंग ग?"

त्याच्या हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवरची जागा. अठरा वर्षं. मी पुढे झाले. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "And you are?" टूवूंबात त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, अर्ध्या गावाला त्याने भूल दिलेली आहे. "I'm Ujjwala's husband," तो म्हणाला. मुलगी झटकन उठून उभी राहिली. "Oh! I had her in first year. She made me change my major," म्हणत तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

खोली लहानशी. टेबलामागे उज्ज्वलाची खुर्ची, तिच्या पाठीवर निळं स्वेटर. टेबलाच्या अलीकडे विद्यार्थ्यांसाठी एक साधी प्लास्टिकची खुर्ची. मी खोकी उघडून पुस्तकं भरायला घेतली, मला हातपाय हलवल्याशिवाय राहवतच नव्हतं. श्रीकांत शेल्फसमोर उभा होता. काळ्या बांधणीचा प्रबंध त्याने ओढून काढला. "हा मी कधी वाचला नाही," म्हणाला. मग उज्ज्वलाच्या खुर्चीकडे न जाता तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, गुडघे जुळवून, प्रबंध मांडीवर घेऊन, आणि पहिलं पान उघडलं. मी दोन तासांचं पार्किंग घेतलं होतं. ते संपलं तेव्हा तो पहिल्याच प्रकरणात होता. मी हातातलं खोकं खाली ठेवलं, खाली जाऊन आणखी दोन तासांचं घेतलं आणि परत येऊन दाराबाहेर बसून राहिले.