वाळ्याची जुडी

काल सुनेनं माठात वाळा टाकला. पेला तोंडाला लावला, तो वास नाकात गेला आणि मी थेट कुवेतच्या खोलीत जाऊन पोचलो.

तिथं उन्हाळ्यात नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. खोलीत आम्ही आठ जण. पहाटेच पिंप भरून ठेवायचो, तरी दुपारी कामावरून यावं तर ते कोमटच. एकदा गावाकडून शेलारांच्या घरचा एक जण आला. त्याच्याबरोबर माझ्या बायकोनं, सुमननं, वाळ्याची जुडी धाडली होती. ती पिंपात टाकली. पाणी काही गार झालं न्हाय, पण वास असा सुटला की सगळे पेले घेऊन उभे. आमच्यातला पठाण दोन पेले प्याला आणि म्हणाला, "भाभी को सलाम बोलना."

शुक्रवारी फोन लावला.

"अवो, वाळा मिळाला का?" तिनं विचारलं.

"गवत कशाला धाडलंस? इथं काय म्हशी बांधल्यात?"

ती म्हणाली, "बरं."

खरं बोललो असतो तर रडू फुटलं असतं, आणि फोनला माझ्या मागं रांग होती. तेव्हा वाटलं, मर्दासारखं बोललो. निव्वळ गाढवपणा. घरी परतल्यावरही तिला सांगितलं न्हाय, आणि आता तिला जाऊन चार महिने झाले.

त्या फोननंतर दोन वर्षं गावाकडची माणसं तिकडं येत राहिली. मी प्रत्येकाला विचारायचो, "घरून काही दिलंय का?"

"न्हाय. वहिनी बोलल्या, त्यांना तिथं सगळं मिळतं."