तेल न लावता यावे

संशयाचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आमच्या बारामतीत चार माणसं आणि एक वायर एकत्र आली की ते होतातच. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या साळवे मॅडम पीएचडी करत होत्या. मी फिजिक्सचा, त्यांचा हरकाम्या. तेव्हाचे किस्से मित्र अजून चहाबरोबर मागतात.

विषय असा की, मेंदूचे भाग एकमेकांशी जोडलेले असतात. काही जोडण्या काळानुसार घट्ट होतात, काही सैल पडतात. हा बदल मॅडम समीकरणांनी आधीच सांगणार. मग त्याच माणसांच्या मेंदूचा आलेख सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा काढायचा आणि उत्तर जुळतं का ते बघायचं. दुसऱ्यांदा कोणी बसलंच नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

पहिला संशय प्राचार्यांना. "गणिताला डोकं लागतं, मान्य. पण दुसऱ्याचं कशाला?"

*

ओळखीच्या डॉक्टरांकडे आलेखाचं मशीन होतं. रविवारी ते आम्हाला मिळायचं. पहिले आले बावड्याचे तात्या. सिस्टरनं पेस्ट लावून त्यांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या.

"ह्यात मनातलं दिसतं का वो?"

"नाही तात्या. नुसत्या लाटा दिसतात. आता बोलू नका."

तात्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "थोडंबी न्हाय?"

तोंड हललं की आलेख बिघडतोच. कागदावरच्या सुया थयथय नाचल्या. तात्यांनी एक डोळा उघडून ते पाहिलं.

"मग मी इचारल्याबरुबर ह्या का नाचल्या?"

*

तेवढ्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली. एक उमेदवार पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि त्यांनी दार लोटलं.

"नावं नकोत मॅडम. लाटा कुनाकडं हायेत, तेवढंच सांगा."

मॅडमनी त्यांना अर्धा तास समीकरणं समजावली. दुसऱ्या दिवशी विरोधी पॅनेलचा माणूस आला. "काल अर्धा तास काय सांगत होता त्यास्नी?"

*

वालचंदनगरचे एक इंजिनिअर मात्र शिकलेले, निःशंक. त्यांनी समीकरणं मन लावून वाचली.

"माणूस विसरतो ते यात बसतं. पण मी मुद्दाम विसरतो असं मिसेसचं म्हणणं आहे. मुद्दामसाठी कुठलं अक्षर धरलंय?"

*

सहा महिने झाले. तेलकट डोक्यावर पेस्ट धरत नाही, म्हणून मॅडमनी सगळ्यांना कार्डं टाकली : 'डोक्याला तेल न लावता यावे.'

मशीन कशाला भितं, हे आम्हीच गावोगाव कळवलं!

मॅडमचा शब्द कुणी मोडला नाही. सगळे आले. आणि सगळ्यांची डोकी तेलानं निथळत होती. तात्यांच्या तर कानामागून ओघळ आलेला.

"तात्या, हे काय?"

"उन्हाळा हाय."

डॉक्टरांनी शाम्पू पुढे केला, तर सगळ्यांना एकदम एसटीची वेळ आठवली. मॅडम दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही फार वाईट वाटलं.

*

आता एकच डोकं उरलं होतं, मॅडमच्या इंदापूरच्या सासूबाईंचं. पहिल्या वेळी त्या बसल्या होत्या; घरच्याच, म्हणून त्यांचा रविवार शेवटी ठेवला होता. या वेळी म्हणाल्या, "बसते. पर आधी तू बस. तुझ्याबी डोक्यात काय चाललंय ते बघू दे मला."

मॅडम हो म्हणाल्या. दुसरा इलाजच नव्हता.

मॅडमच्या केसांना तेल कधी म्हणून नसायचं. सासूबाईंची ती लग्नापासूनची तक्रार होती.

रविवारी सासूबाई शिकेकाईनं न्हाऊन, केस मोकळे सोडून आल्या. मागून मॅडम आल्या. घट्ट वेणी, आणि ती तेलानं नुसती चपचपीत.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी खिडकीबाहेर.

सासूबाईंनी वेणीवरून हात फिरवला. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. मग शांतपणे जाऊन खुर्चीत बसल्या आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"आता पटलं. बघितलं तुझ्या डोक्यातलं. लाव वायरी."