मघाचा सगिनाली

कराकोल गावात कुणाच्या घरी सून येणार हे सगिनालीला तिच्या आत्यांच्या आधी कळायचं. लोक मेजवानीचा दिवस ठरवायच्या आधी गिटारवाला मोकळा आहे का ते बघत. तेव्हा तो एकटा नव्हता म्हणा. ड्रमवाला होता, बासवाला होता. पुढे ड्रमवाला मॉस्कोला टॅक्सी चालवायला गेला आणि बासवाल्याला त्याच्या बायकोने दुकानात बसवलं. बसवलं ते बसवलंच, अजून उठू दिलेलं नाही. लोक म्हणू लागले, एकट्या गिटारीवर नाचायचं म्हणजे एका दाताने मटण खायचं.

मग ड्रमवाल्याने गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती एक पायाने दाबायची डबी पाठवली. सोबत निरोप: "माझ्या जागी ही ठेव. ही घोडीच्या दुधाची कुमिस पिऊन झिंगत नाही आणि तुला उलट बोलत नाही."

डबी एकदा दाबली की गिटारीवर वाजेल ते ती ऐकून ठेवी. परत दाबली की तेच पुन्हापुन्हा फिरवत बसे. त्यावर दुसरं काही वाजवलं तर तेही पोटात घेई. पटपट दोनदा दाबली की गप्प. सगिनाली आधी गिटारीच्या पोटावर थापा मारून ताल भरी, मग जाड तारांवर बास, मग सूर, आणि त्या सगळ्यावर स्वतः गाई. उलट न बोलण्याचं मात्र खोटं निघालं. बोट एकदा घसरलं की ती डबी दर फेरीला ते तोंडावर मारायची. अख्खा हिवाळा त्याने तिच्यापुढे मान खाली घालून रियाज केला.

शेजारच्या खोलीत त्याची बायको जियदेगुल कणीक मळत असे. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, पण त्याच्या चुका काढायला बंदी नाही.

"ऐकलं का, बोट परत घसरलं."

"परत नाही. ते मघाचंच आहे."

"मग मघाशीच नीट वाजवायचं."

उन्हाळ्यात त्याला पुन्हा बोलावणी येऊ लागली, आणि चिनिबेकच्या पोटात दुखू लागलं. हा चिनिबेक सिंथेसायझर वाजवतो, म्हणजे त्याच्यामागे उभा राहतो. त्याची गाणी सगळी पेनड्राइव्हमध्ये. त्यानेच बाजारभर पसरवलं की सगिनाली टेप लावतो. मेजवानीत टेप लावणं म्हणजे पाहुण्यांना कालचं मटण गरम करून वाढणं. एका घराने ठरलेला कार्यक्रम मोडला. आता गावातला वडीलधारा, माम्बेटकुल अक्साकाल, याच्या नातवाचं लग्न तेवढं हातात होतं. म्हातारा जे बोलेल ते सगळं खोरं बोलणार. तिथे नाव गेलं तर गिटार भिंतीला टांगायची.

अंगणात लोकरीचे नमदे अंथरले होते, मटण-शेवयांच्या बेशबर्माकची ताटं रिकामी होत आली होती. सगिनालीने नाचाचं गाणं रंगात आणलं होतं. तेवढ्यात माम्बेटकुलच्या मनात आलं की आशीर्वाद द्यावा. वडीलधाऱ्याला कुणाला विचारायचं नसतं. त्याने तळवे वर केले, तसे सगळे असतील तिथे बसले. सगिनालीही जन्माच्या सवयीने गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे पुढे धरले.

गिटार गळ्यात लोंबत होती, आणि गाणं चालूच होतं.

पाय अंगाखाली मुडपलेला, डबी हातभर लांब. हात खाली घ्यावा तर नवरानवरीचा आशीर्वाद सांडतो. आणि अक्साकाल सुनेपासून सुरुवात करून घोड्यांपर्यंत पोचल्याशिवाय थांबणारा नव्हता. सगिनाली तळव्यांआडून घाम गाळत राहिला. मागच्या रांगेतून चिनिबेकचा आवाज आला, "बघा, हात वर आणि टेप चालू."

अक्साकाल थांबला. "सगिनाली, तुझे हात इथे. मग वाजवतंय कोण?"

"मीच, अक्साकाल. मघाचा मी."

"मघाच्याला सांग, आशीर्वाद चालू आहे."

लोक खो खो हसले. सगिनालीने धडपडत उठून डबी गप्प केली आणि खालमानेने ती कशी चालते ते सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "सांगून काय होतं? आमच्यासमोर भर."

त्याने डबी दाबून थापा मारल्या, परत पाय मारला. बास भरला. सूर भरताना त्याचं लक्ष म्हाताऱ्याकडे गेलं, आणि ऐन जागी एक बोट घसरलं. ते कण्हल्यासारखं सगळ्यांना ऐकू गेलं. फेरी पुरी झाली, पुन्हा तेच कण्हणं. पुसून पहिल्यापासून भरावं तर म्हणतील, काहीतरी लपवलं. त्याने डोळे मिटले आणि तसंच गायला लागला. तिसऱ्या फेरीला नवऱ्याची आजी बुर्मा-अपाने नेमक्या त्या जागी मांडीवर थाप मारली. मग बायका त्या जागेची वाट बघू लागल्या आणि नाचणारे तिथे मुद्दाम लंगडू लागले.

"चूक आहे ती," चिनिबेक म्हणाला.

"कळलं रे," माम्बेटकुल म्हणाला. "मी इतकी वर्षं तुझं ऐकतोय. तुझं एकदा तरी चुकलं का? टेप कुणाची ते आज समजलं." आणि त्याने राहिलेला आशीर्वाद घोड्यांपासून पुढे सुरू केला. सुरू करण्याआधी सगिनालीच्या पायाकडे मात्र एक नजर टाकली.

शरदात एकही मेजवानी त्याच्यावाचून झाली नाही. फक्त जो तो ते लंगडं गाणंच मागू लागला. आता ती चूक भीतीपोटी झालेली, ठरवून कशी येणार? कधी लवकर येई, कधी फारच शहाणी होई. सगिनाली पुन्हा दार लावून डबीपुढे बसला.

कणकेच्या परातीवरून जियदेगुल म्हणाली, "ऐकलं का, आज बरोबर वाजलं. परत भरा."