पंचनाम्यातली कोरडी विहीर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे — चहात साखर किती लागते इथपासून झोपेत काय बडबडतो इथपर्यंत — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. आणि खरं सांगू? सांगायला बसलो तरी वाटतंय, आधी दुसरंच काहीतरी सांगावं. दुष्काळाचं सांगावं. ते सोपं आहे.

तर दुष्काळाचंच सांगतो. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली, तलावाच्या कडेला. त्या साली चारा छावण्या पावसाळ्यातसुद्धा उठल्या नव्हत्या, यावरून काय ते समजा. तलावाच्या तळाला उरलेलं पाणी सरकारनं पिण्यासाठी राखून ठेवलं. तलावात कुणी मोटार टाकायची नाही, टाकली तर जप्त. हुकूम बरोबरच होता. गावाला प्यायला नसताना उसाला पाणी सोडणाऱ्याच्या गळ्यात काय हार घालायचा?

मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहायचं. माझं अक्षर चांगलं. बढाई म्हणून सांगत नाही, पुढं त्याचं काम आहे. अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो, गाव माझ्याकडून लिहून घ्यायचं. नुसतं अक्षर नाही हो — मजकूरसुद्धा. कुठं काय घातलं की साहेबाला पटतं, हे मला बरोबर कळायचं. आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

पंचनामेही माझ्याकडंच यायचे. आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पंच आधी सही करतात, मजकूर नंतर लिहिला जातो. साहेबाला घाई असते, पंचाला रानात जायचं असतं. तो कोऱ्या कागदाच्या तळाशी सही ठोकतो आणि म्हणतो, "लिवा तुमी निवांत." यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट आधी वाचायला मागणारा माणूसच खवट ठरतो. साहेबावर इस्वास न्हाई का बे, असं चारचौघांत ऐकून घ्यावं लागतं.

तलावात मोटारी होत्या. सगळ्या आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या, आबांच्या. आबांचा ऊस तलावाला लागूनच. उद्या तहसीलचं पथक येणार ही बातमी आदल्या दिवशी दुपारी गावात आली, आणि चहाच्या वेळेपर्यंत तलावात एक नळी उरली नाही. मोटारी कुठं गेल्या? आमच्या सोसायटीच्या मागच्या खोलीत, दुधाच्या रिकाम्या कॅनमागं. खोलीची किल्ली माझ्याकडं होती. आबांचा गडी म्हणाला, "उघडा," आणि मी उघडली. तुम्हाला वाटेल, एवढंच होय? नाही. ही नुसती पायरी झाली, घर अजून पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. महसूलच्या सर्कल साहेबांनी तलावाला वळसा घातला आणि त्यांचं तोंड उतरलं. "जीप घेऊन आलोय. रिकाम्या हातानं गेलो तर वर काय दाखवू?" आबांनी त्यांना चहा पाजला. मग तलावाच्या भिंतीपलीकडं बोट केलं. "ती बघा की. हाय एक तिकडं."

ती सोजरबाईची मोटार होती. सोजर आणि तिचा नवरा दगडू कितीतरी वर्षं ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. त्या कमाईतून त्यांनी आपल्या शेतातल्या विहिरीवर ही मोटार घेतली. तिनं विहिरीतून पहिलं पाणी फेकलं, त्या दिवशी आम्ही पाचपंचवीस जण तिथं पेढे खायला होतो. सोजरबाईनं घरातून आपला कोयता आणला आणि सगळ्यांसमोर विहिरीत टाकून दिला. "आता ह्याचं काम न्हाई," म्हणाली. बाया हसल्या, मीही हसलो. तेव्हापासून दगडू एकटा तोडीला जायचा, अर्धा कोयता म्हणून. सोजर गावात राहायची. एक गाय, मोटारीवर भिजणारा चाऱ्याचा एक पट्टा, आणि लेक मनीषा. मनीषा तिसरीत होती आणि तोडीला न जाता आता पूर्ण वर्ष एकाच शाळेत बसत होती. हे सगळं त्या मोटारीवर उभं होतं. मला माहीत नव्हतं का? दिवसातून दोनदा मी तिचं दूध मोजत होतो.

पथकानं मोटार उचलली, विहिरीत सोडलेला पाईपही ओढून काढला. दगडू बैलं घेऊन छावणीत मुक्कामाला होता. सोजर गवताचा भारा टाकून पळत आली. "सायेब, ती विहिरीवरची हाय! बघा की आत डोकावून! तलावाला माझा पाईप कुठं हाय?" कुणी डोकावलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी बुटाच्या नाडीकडं बघत होतो — सुटली नव्हती, तरी बांधत होतो.

पंचनामा सोसायटीत बसून झाला. एक पंच भानुदास, तो सही ठोकून रानात गेला. दुसरा पंच मी. मीही सही केली, आणि मग माझ्याच सहीच्या वरचा मजकूर मीच लिहायला घेतला. साहेब सांगत गेले — तलावाच्या राखीव पाण्यात पाईप टाकून बेकायदा उपसा चालू असताना मिळून आलेली मोटार. मी लिहीत गेलो. सांगितलेलं लिहिलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं समजावलंय. सांगणारा साहेब, लिहिणारा सेक्रेटरी. यात सेक्रेटरीचं काय गेलं?

थांबा. अजून आलं नाही. येतोय तिकडंच.

सोजर धारूरला कचेरीत गेली. परत आली ती चक्रावूनच. तिच्यावर गुन्हाच नव्हता! कारकून तिला म्हणाला, बाई, तुमच्यावर आमचं काही म्हणणं नाही, मोटारीवर आहे. "मग माझ्यावर लिवा म्हनलं गुन्हा," ती मला सांगत होती. "कोर्टात उभी ऱ्हाते. मला आत घाला, पन मोटार सोडा. तर हसायलेत." तिचं बरोबर होतं. चोराला निदान विचारतात तरी, तू चोरी केलीस का म्हणून. तिला कोण विचारणार? वस्तू तिची, आणि ती सरळ मार्गानं वापरली हे सिद्ध करायचं ओझंही तिचंच. हे सिद्ध करायचं कशाच्या बळावर? पुढच्या सोमवारी तहसीलदारासमोर म्हणणं मांडायचं, एवढंच तिला सांगितलं होतं.

म्हणून ती पंचनाम्याची नक्कल घेऊन माझ्याकडं आली. माझ्याकडं! तिला वाचता येत नव्हतं, मनीषाला कचेरीची भाषा कळत नव्हती. "भाऊ, एवढं वाचून दावा. त्यात काय लिवलंय तेच मला कळंना. कळलं म्हंजी जबाब देते."

मी वाचलं. माझंच अक्षर मी तिला वाचून दाखवलं. गट नंबर वाचला, मोटारीचं वर्णन वाचलं, तलाव, पाईप, उपसा — सगळं वाचलं. आणि मधली एक ओळ सोडली. आवाज न अडखळता सोडली. ती मान हलवत ऐकत होती. "एवढंच?" म्हणाली. मी म्हणालो, "एवढंच."

ती ओळ आता सांगतो. 'सदर बाईंच्या शेतातील विहीर समक्ष पाहिली असता ती कोरडीठाक आढळून आली.'

ही ओळ साहेबांनी सांगितली नव्हती. आबांनीही नाही. ती माझी. साहेबांचं सांगून झालं, आणि मला तो मजकूर लंगडा वाटला. बाईची स्वतःची विहीर आहे, तर ती तलावात पाईप कशाला टाकेल? उद्या कुणी विचारलं तर? विहिरीत कमरेएवढं पाणी होतं, हे मला ठाऊक होतं — सकाळीच तिनं धारा काढायच्या आधी मोटार चालवलेली मी ऐकली होती. तरी पेन आपोआप चालला, असं म्हणणार होतो. पण आपोआप काही चालत नसतं. मी चालवला. मजकूर चोख व्हावा म्हणून. साहेबांनी वाचलं, त्या ओळीवर थांबले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वा, सेक्रेटरी! तुमी तर कचेरीत पायजे व्हते." आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी जेवताना मी भाकरी जास्त खाल्ली.

सोमवारी जाण्याआधी ती पुन्हा आली. "भाऊ, तुमी नुसतं संगं चला. विहिरीला पानी हाय एवढंच म्हना. तुमचं ऐकतेत." मी म्हणालो, सोसायटीत तपासणी आहे, निघता यायचं नाही. तपासणी नव्हती. मी दिवसभर रिकाम्या कॅनजवळ बसून होतो, आणि मागच्या खोलीतल्या मोटारी आबांचा गडी त्याच दिवशी घेऊन गेला. मीच पुन्हा कुलूप उघडून दिलं.

तहसीलदारानं तिला त्या ओळीवरच धरलं. विहीर कोरडी, मग मोटार विहिरीवर कशी? ती म्हणाली, येऊन बघा. ते म्हणाले, दोन पंचांनी बघितलंय, सह्या आहेत. हे मला भानुदासनं सांगितलं, कारण ती त्याच्या दारात जाऊन विचारून आली होती — तू माझी विहीर कवा पाह्यलीस? त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्यानं कशावर सही केली होती. "असं कावून लिवलं बे?" त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, साहेबांनी सांगितलं. आणि त्याच्या मागून आणखी कोण येतंय का, ते बघत राहिलो.

मग मी वाट बघायला लागलो. ती येईल, सगळ्यांसमोर बोलेल. ती रोज दूध घालायला यायचीच. किटली पुढं करायची, कार्ड पुढं करायची. मी लिहायचो, त्याच अक्षरात. तिला कळलंय का? मनीषानं नक्कल आणि कार्ड शेजारी ठेवून बघितलं असेल का? मी अक्षर मुद्दाम वाकडं काढायला लागलो — काय हा मूर्खपणा! तिकडं चारा वाळला आणि किटली हलकी होत गेली. मग एके दिवशी सोजरनं गाय आपल्या भावाकडं धाडल्याचं कळलं.

मोटार सुटली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी एका दाखल्यासाठी कचेरीत गेलो होतो, तर मागच्या अंगणात पत्र्याखाली ती पडलेली दिसली. तिच्या पंख्यातून गवत उगवलं होतं. दसऱ्याला सोजरबाईनं ओढलेली हळदीकुंकवाची बोटं पुसली होती, की मीच ती नीट बघितली नाहीत, सांगता येत नाही. दाखला न घेताच मी परत आलो.

आता एकच राहिलं.

दिवाळी झाली आणि तोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टर सोसायटीसमोर उभा राहिला. दगडू वर होता, भांड्यांच्या गाठोड्यावर मनीषा बसली होती, मांडीवर दप्तर घेऊन. सोजरबाई खाली उतरून आत आली. दुधाचं कार्ड परत करायला, म्हणाली. कार्ड तिनं टेबलावर ठेवलं आणि हातातला कोयताही क्षणभर शेजारी आडवा ठेवला. कोयता गंजून लाल झाला होता. मुठीला चिखल होता, आणि पात्यावरून पाणी गळत होतं.

"विहिरीत उतरले व्हते, भाऊ," ती म्हणाली. "कमरंइतकं पानी हाय. लई चाचपावं लागलं."

एवढंच. रागानं नाही, लोकांना ऐकू जाईल असंही नाही. मग तिनं कोयता उचलला आणि ती गेली. ट्रॅक्टर निघाला. मनीषा वळून शाळेकडं बघत होती, की माझ्याकडं, मला कळलं नाही.

टेबलावर कोयत्याच्या आकाराचं पाणी राहिलं होतं. मी दूध पुसायच्या फडक्यानं ते पुसलं आणि पुढच्या माणसाचं दूध मोजायला घेतलं.

ती ओळ मी कधी खोडली नाही. कुणाला सांगून खोडायला लावली नाही. आबा गेले, ते सर्कल साहेब कुठं बदलून गेले ते माहीत नाही. आजही कुणी दारात येऊन 'भाऊ, एवढं वाचून दावा' म्हणालं की मी चष्मा सापडत नाही म्हणतो. पंचनामा कचेरीत असेल, एखाद्या गाठोड्यात. त्यात विहीर अजून कोरडी आहे. अक्षर चांगलं आहे.