समोरचा पाट

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात तापी शिकवत होतो. फळ्यावर निळ्या खडूने नदी काढून झाली होती, आणि प्रकाशा गावापर्यंत पोचलो असेन नसेन, तोच शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, धुळ्याहून फोन आहे." धुळ्याहून मला फोन करील असं एकच माणूस होतं, आणि त्याने आयुष्यात कधी फोन केला नव्हता. त्याचं सगळं पोस्टकार्डावर चालायचं. ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे अक्का होत्या, नानाच्या घरमालकीण. कुणाच्या तरी दुकानातून बोलत असाव्यात, मागे वजनकाटे आपटल्याचा आवाज येत होता. "बापू, नाना गया रे…" एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी मेसला निघताना चपला घालायला वाकला आणि उठलाच नाही. मी "हो, हो, निघतो" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भावाचा चेहरा आठवला नाही. आठवलं ते टेबलावरच्या नकाशांच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं त्याचं पोस्टकार्ड. त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

नाना माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्यात आठ वर्षांचं अंतर. मी धरणगावच्या शाळेत पाढे घोकत होतो तेव्हाच तो मुंबईला गेला, आणि एका चिनी हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासता घासता आचारी झाला. वर्षातून एकदा यायचा, चार दिवस राहायचा. त्यामुळे भाऊ म्हणून त्याची-माझी ओळख अशी झालीच नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो मुंबई सोडून परत आला, शेवटपर्यंत त्यांचं सगळं त्याने केलं. वडील गेल्यावर लोकांना वाटलं, आता हा परत जाईल. हा धुळ्याला गेला आणि एका वसतिगृहाच्या मेसमध्ये वरण-भात-पोळी करायला लागला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आमचं घर तसं अबोलच. एकमेकांची ख्यालीखुशालीसुद्धा आम्ही कपाशीच्या भावावरून काढायचो.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा हिवाळा असेल. पहिलं पोस्टकार्ड आलं : "तापीचे झिंगे आलेत. रविवारी ये." मी गेलो, उत्सुकतेपेक्षा कर्तव्य म्हणूनच जास्त. अक्कांच्या घराच्या बाजूला एक खोली, आणि खोलीला लागून बोळाकडे उघडी असलेली अंगणासारखी जागा. अक्का माळकरी. त्यांनी खोली देतानाच अट घातली होती की असलं काही शिजवायचं तर उंबऱ्याबाहेर, आणि त्याची भांडीही आत आणायची नाहीत. नानाने ती अट अक्षरशः पाळली. त्याचं एक पातेलं, एक सुरी, एक ताटली असा संसार बाहेर पत्र्याच्या पेटीत असायचा. आणि एक जाळी. ती त्याने सायकलच्या जुन्या तारा एकीला एक बांधून स्वतः बनवली होती. अक्कांची भक्ती कडक, पण मन मोठं. इस्तवासाठी लागणाऱ्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या त्याच शेतातून आणवून द्यायच्या, आणि वर म्हणायच्या, "मी काय, भरितसाठी देस," जणू बाकीचं त्यांना ठाऊकच नाही.

आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. पण झिंगे, म्हणजे कोळंबी? भूगोलाचा मास्तर असल्यामुळे समुद्र इथून किती लांब आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. नाना मात्र अगदी निवांत होता. बाजारात मासे विकणाऱ्या भोईणीकडून आणलेला एकेक झिंगा हातात घ्यायचा, कवच तसंच ठेवून पाठीला चीर द्यायचा आणि सुईच्या टोकाने आतला काळा दोरा अलगद ओढून काढायचा. मग ठेचलेलं लसूण-आलं, चमचाभर व्हिनेगर आणि मुंबईच्या जुन्या सोबत्याने ड्रायव्हरबरोबर पाठवलेल्या बाटलीतला काळा सोया सॉस. भटारखान्यातला म्हातारा चिनी आचारी यात मध घालायचा म्हणे. नाना काकवी घालायचा. त्या म्हाताऱ्याकडच्या तेलाऐवजी आपलं तिळाचं तेल, आणि ते लावायला पातीच्या कांद्याची जुडी कुंच्यासारखी धरायची. हे सगळं तो इतक्या हळू, इतक्या मायेने करायचा की मेसमध्ये डोंगराएवढी कणीक तिंबणारा तो हाच का, असं वाटावं.

त्या पहिल्या दिवशी मी घोळ घातला. झिंगे जाळीवर ठेवून नाना म्हणाला, "दख जरा, मी कांदानी पात लई येस," आणि आत गेला. मी इमानेइतबारे राखण केली. वांगं कसं, साल करपून तडकेपर्यंत, रस फुटेपर्यंत हलवायचं नाही. आधी काढलं तर कच्चं, हे मी आईच्या मांडीवर बसून शिकलेलो. नाना परत आला तेव्हा जाळीवर कोळसे होते. त्याने ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्याला तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "हाऊ झिंगा शे, बापू, वांगं नई!" मग शांत होऊन, एखादा मंत्र द्यावा तसं म्हणाला, "इळा व्हयना का काढी ले. कडं व्हयनं का गयं." विळ्याइतका वाकला की उतरवायचा. वाकून वाकून कड्यासारखा गोल झाला की संपलं, मग ते रबर.

दुसरा नियम त्याने सांगितला नाही, तो मला आपोआप कळला. त्याच्याकडे दोन पाट होते. एक इस्तवाच्या अलीकडे, एक पलीकडे. मी हातपाय धुऊन पाटावर टेकेपर्यंत तो जाळीवर काही ठेवायचाच नाही. एकदा मी अक्कांशी बोलत उभा राहिलो तर इस्तव विझायला आला, पण हा गप्प बसून. मी म्हटलं, "अरे, ठेव की तू, आलोच." तर म्हणाला, "तू पहिले बठ. माणूस बठस तवयच झिंगा इस्तोवर चढस." भाजल्यावर तो अर्धा मिनिटही थांबत नाही, म्हणे, खाणारा समोर पाहिजे. मी बोळाकडे पाठ करून बसायचो. एकदा पलीकडच्या, त्याच्या पाटावर बसू लागलो तर त्याने मला उठवलं. "तिकडे धूर येतो, तू इकडे बस." मग तो भाजायचा, मी खायचो. गोडसर, खारट, धुरकट… बोटं चाटत कवच सोलायचं. बोलणं फारसं नाही. "झाला का?" "झाला." "अजून?" "ठेव." पण मी आज अगदी मनापासून लिहितो, माझ्या भावाशी मी आयुष्यात जे काही बोललो ते एवढंच, आणि ते पुरेसं होतं.

आठ-नऊ वर्षं मी न चुकता गेलो. जळगावहून सकाळची एस.टी. पकडायची, दुपारी जेवायचं, दिवे लागायच्या आत परत. बायको माहेरची शाकाहारी, ती कधी आली नाही, पण डब्यात नानासाठी काही ना काही द्यायची. मग जळगावात काय, धुळ्यात काय, चौकाचौकात लाल अक्षरांच्या चायनीजच्या गाड्या उभ्या राहिल्या. ज्या सॉसच्या बाटलीसाठी नाना महिना महिना वाट बघायचा ती किराण्याच्या दुकानात लोणच्याशेजारी बसली. तो एकदा त्या गाडीवर जाऊन खाऊन आला. कसं होतं विचारलं तर म्हणाला, "कोबी. आणि रंग." त्यावर आम्ही दोघं हसलो. आणि त्याच दिवशी, निघताना, चपला घालता घालता मी म्हणून गेलो, "आता जळगावातही मिळतं हे सगळं, नाना. तू कशाला एवढा त्रास घेतोस?"

मला वाटलं, मी त्याची काळजी घेतोय. त्याचं वय झालं, सकाळी उठून भोईणीची वाट बघा, बसून साफ करा… हे सगळं मनात होतं, खोटं नाही. पण त्याच्या मागे आणखी एक होतं. मला प्रवासाचा कंटाळा यायला लागला होता. नाना जाळीवरची राख झटकत म्हणाला, "हं… मिळत असेल." बस, एवढंच. मी एस.टी.त खिडकीशी जागा मिळाल्याच्या आनंदात होतो.

पुढच्या वर्षी मुलीची दहावी होती, गेलो नाही. त्यानंतर घराचं बांधकाम निघालं. मग मी शाळेत पर्यवेक्षक झालो. पोस्टकार्ड मात्र दर डिसेंबरला यायचं, आणि मी दर वेळी "या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की" असं उत्तर पाठवायचो. शेवटचं कार्ड या डिसेंबरात आलं. "झिंगे येतील. रविवारी ये. नाही जमलं तर राहू दे." हे शेवटचं वाक्य आधीच्या कुठल्याच कार्डात नव्हतं. मी ते वाचलं, पुस्तकात घातलं, आणि या वेळी नकाराचं चार ओळींचं उत्तरही लिहिलं नाही. त्या रविवारी मला काय काम होतं? काहीच नव्हतं. मी पेपर वाचला, दुपारी झोपलो, संध्याकाळी बायकोबरोबर भाजी आणायला गेलो. वांगी स्वस्त होती, भरीत केलं. इतकं स्पष्ट आठवतं.

तीन आठवड्यांनी तो गेला.

दिवसकार्य धरणगावला झालं. त्यानंतर खोली रिकामी करायला मी एकटाच धुळ्याला गेलो. फेब्रुवारी लागला होता. खोलीत आवरण्यासारखं काही नव्हतंच : दोन सदरे, एक रेडिओ, आणि माझी सगळी नकारपत्रं, सुतळीने बांधून ठेवलेली. अक्का दारात उभ्या होत्या. त्या आपणहूनच बोलल्या. त्या रविवारपर्यंत उत्तर आलं नाही म्हणून नानाला वाटलं, या वेळी मी येणार. माझं नाही म्हणणारं पत्र दर वर्षी यायचं ना! त्याने सकाळीच झिंगे आणले, साफ केले, इस्तव पेटवला. दुपार झाली. इस्तव विझला की पुन्हा पऱ्हाट्या घालायचा. चार वाजता तो अक्कांच्या दाराशी आला.

"मना दारशी उना व्हता," अक्का म्हणाल्या. "म्हने, अक्का, तुम्ही नुसत्या बठा. खावानं नई, नुसतं समोर बठानं. मी म्हनं, नाना, मना गळामा माळ शे…" त्यांनी पदर तोंडाला लावला. "नुसतं बठाले काय जात व्हतं मनं, बापू?"

मी विचारलं, मग त्याने काय केलं? त्याने काही केलं नाही. भाजले नाहीत, खाल्ले नाहीत. अंगणातल्या पपईच्या बुंध्याशी खड्डा करून सगळे पुरून टाकले, पातेलं घासलं, पेटीत ठेवलं.

मी बाजारात गेलो. भोईण होती. मला ती ओळखत नव्हती, पण नाना गेल्याचं तिला कळलं होतं. झिंगे तिने निवडून दिले. परत येऊन मी पेटी उघडली, जाळी काढली, सुईने एकेक दोरा ओढत बसलो. माझ्या हातात ते कसब नाही, निम्मे झिंगे फाटले. काकवी, सॉस, लसूण, सगळं पेटीतल्या त्याच्या डब्यांतून. इस्तवावर पांढरी राख धरली, तसे दोन्ही पाट मांडले, आणि मग मी जाळी हातात घेऊन तसाच थांबलो. समोर कुणी नव्हतं. ठेवू कसा?

अक्का दारातून बघत होत्या. त्या पुढे आल्या, माळ पदराखाली घेतली आणि माझ्या नेहमीच्या पाटावर टेकल्या. "हाई दख, मी बठेल शे. ठेव आते."

मी नानाच्या पाटावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. धूर खरंच त्याच बाजूला येत होता. आणि तिथून, अक्कांच्या खांद्यावरून, सगळा बोळ दिसत होता, अगदी तोंडापर्यंत, जिथे स्टँडवरून आलेली रिक्षा थांबते आणि माणूस उतरतो तिथपर्यंत. मी कायम बोळाकडे पाठ करून बसलेलो, मला कधी कळलंच नाही. मी झिंगे ठेवले. पातीच्या जुडीने तेल लावलं. एक रिक्षा येऊन थांबली, कुणी बाई उतरली, पिशवी घेऊन भलत्याच घरात गेली. मग बराच वेळ कुणी नाही. मग दुसरी रिक्षा आली… "बापू," अक्का हळूच म्हणाल्या, तेव्हा मी खाली पाहिलं. जाळीवरच्या सगळ्या झिंग्यांची कडी झाली होती.