आलो की आले

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घराणं कोकणातलं, पण बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे नांदेडात रुजलेलं. पुरीम या आमच्या सणाला घरी पहिल्यापासून 'होळीचा सण' म्हणतात. होळीच्या आगेमागे येतो, पुरणपोळी होते, सोंगं घेतात. शेजाऱ्यांना वेगळं काही समजावत बसावं लागत नाही, तेवढंच बरं.

पुरुषानं बाईचे कपडे घालू नयेत, अशी आमच्या शास्त्राची बंदी. पुरीमला मात्र काही धर्मपंडितांनी सूट दिली, कारण हेतू गमतीचा. काहींना तीही मान्य नाही. बाबा सूट देणाऱ्यांच्या बाजूचे. "हसण्यापुरतं चालतं," ते म्हणत.

मला त्यात हसू कधी आलंच नाही, हीच तर पंचाईत. आईची जांभळी इरकल नेसली की माझा जीव थाऱ्यावर येतो. वर्षातून एक सकाळ. ती हातची जाऊ नये म्हणून मी दरवर्षी जीव तोडून विनोदी व्हायचो. पदरात पाय अडकवून पडायचो, किनरा आवाज काढायचो. स्वतःचाच संताप यायचा. बाकीचं वर्ष लातूरच्या कॉलेजात शर्ट-पँट घालून शिकवण्यात जायचं.

मागच्या पुरीमला मी डोक्यावर पदर घेऊन पोळ्या लाटत होतो. आई तव्यापाशी होती. शेजारच्या काकू ताट घेऊन मागच्या दारानं आत आल्या. काकू उदगीरकडच्या, बोलायला मोकळ्याढाकळ्या. मला पाठमोरं बघून म्हणाल्या, "अगं बाई, पाहुण्या आल्यात व्हय! कुठून आलाव ताई?"

ताई! विनोद करायचं मी विसरूनच गेलो.

"लातूरहून आले," मी म्हणालो.

आलो नाही, आले. तेही किनऱ्या आवाजात नाही, माझ्या रोजच्या आवाजात. असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

काकूंनी पुढं येऊन तोंड पाहिलं आणि पोट धरून हसल्या. "आगं माय, ह्यो तर तुमचा लेक हाय! लई गोड दिसायलाय की!" आईही हसली. बाबा दारात उभे होते. ते हसले नाहीत.

"काय म्हणालास?"

"लातूरहून... आलो."

"मग हस की."

मी हसलो. काकूंना ते खरं वाटलं. बाबांना वाटलं नाही. ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

जेवणं झाल्यावर मी साडीची घडी करून आईच्या कपाटात ठेवली, शर्ट चढवला आणि लातूरची बस धरली. दिवेलागणीला खोलीचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पोहोचल्याची चौकशी नेहमी आई करते. यावेळी बाबा होते.

"पोहोचलास?"

"पोहोचलो."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोनही ठेवला नव्हता. ते वाट बघत होते.

"पोहोचलो, बाबा," मी पुन्हा, शेवटचा 'लो' नीट ऐकू जाईल असं म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.