फार्करचं चर्च

समुद्रावरून आलेलं धुकं तीन दिवस गावावर ठाण मांडून बसलं होतं. ग्रिझेलनं सकाळीच चुलीवर हंडा चढवला आणि बापानं कापडावर काढलेले इमारतींचे जुने नकाशे उकळायला टाकले. नकाशाचं कापड उकळलं की खळ सुटते, शाई जाते आणि मऊ पांढरा रुमाल हाती लागतो. त्या घरानं जन्मभर न बांधलेल्या इमारतींना नाकं पुसली होती.

ॲडम फार्कर गावातला एकुलता एक आर्किटेक्ट. चाळीस वर्षांत त्यानं गोठे आखले, कुंपणं आखली, पाद्र्याच्या घराचं गटार आखलं. थोरला मुलगा दगड घडवता घडवता छातीत धूळ भरून मेला. धाकटा कॅनडाला गेला तो गेलाच. बायकोही गेली. उरली ग्रिझेल, आणि मनासारखं बांधलेलं एकच चर्च.

आता दोन पंथ एक झाले होते. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चर्चं, त्यातलं एक फार्करचं, आणि माणसं एकापुरती. कुठलं ठेवायचं? पंचांनी दोन्ही छपरं तपासायला फार्करलाच सांगितलं. दुसरा होता कोण?

दोन्ही छपरं बघून आल्यावर तो अहवाल सांगत होता आणि ग्रिझेल लिहून घेत होती.

"लिही. समोरचं चर्च खडखडीत कोरडं."

"ते? ते तर गवंड्यानं नकाशाशिवाय उभं केलंय. नुसतं धान्याचं कोठार!"

"कोठार कोरडंच लागतं, पोरी. आता आपलं. तुळयांची टोकं भिंतीत कुजलीत. सगळी."

छपराची पन्हळ खालून दिसू नये म्हणून त्यानं ती भिंतीवरच्या कठड्यामागं लपवली होती. "बर्फ साचेल तिथं," गाऊ गवंडी तेव्हाच म्हणाला होता. "तू दगड बघ," फार्करनं त्याला ऐकवलं होतं. अठ्ठावीस हिवाळे बर्फ तिथं साचला, वितळला, भिंतीत मुरला.

"बाबा, 'डागडुजी होईल' एवढं लिहू? एवढं एकच तर आहे तुमचं."

"आणि रविवारी छप्पर खाली आलं तर? खाली माणसं बसतात. लिही."

दुपारी पंचांपैकी पेट्री आला, माशांचा व्यापारी. उंबऱ्यातच त्यानं कागद वाचला.

"काय हे, फार्कर! कावळासुद्धा आपल्या पिलाला काळं म्हणत नाही."

"पिलू काळंच आहे."

"बरं. छप्पर उतरवलं की आत हेरिंग माशांची पिंपं रचीन म्हणतो. आडोसा झकास आहे."

ग्रिझेल पुढं झाली. "पंचांना सगळ्यांसाठी सभेचा नवा हॉल बांधायचाय ना? त्याचा नकाशा बाबा काढतील."

पेट्री हातातली टोपी फिरवत राहिला. "ते काम... गाऊच्या पोराला दिलं, परवाच. नकाशाबिकाशा नको म्हणाले लोक."

तो गेल्यावर फार्करनं कोट अंगात चढवला. मग म्हणाला, "मापाची फीत कुठंय? मिल्नच्या डुकरांचा गोठा मापायचा राहिलाय."

ग्रिझेलनं शाल गुंडाळली. मिल्नच्या चिखलात तिनं फितीचं एक टोक धरलं, दुसरं घेऊन बाप धुक्यात दिसेनासा झाला.

"किती?" तिनं ओरडून विचारलं.

"थांब. सैल पडलीय. ओढून धर."